कॉम्प्युटरचा पूर्वानुभव

वाशीमच्या एस.टी. स्टँडवर रामकिसन पानवाल्यानं "ओ कॉम्पुटर साहेब!" अशी हाक मारली आणि देवमननं मान वळवली. नुसती वळवली नाही, ओळखीचं म्हणून एक हसूही चेहऱ्यावर आणून ठेवलं. सात वर्षांची सवय होती ती. हाक आली की मान वळायची, हसू यायचं, हात कपाळाशी जायचा. पण रामकिसनचे डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेले होते, आसेगावच्या गाडीच्या दारात. तिथं देवमनचा शाळासोबती गोविंदा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कुणीतरी बळंच दिलेली आंब्यांची पिशवी सांभाळत पायरी चाचपत होता. "तुमाले नाई, देवमनभाऊ," रामकिसन पानाला कात लावत म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, वाईट ते तेवढंच. "त्याहीले म्हटलं. आता खरे कॉम्पुटर साहेब ते हायेत ना." चेहऱ्यावर आणलेलं हसू देवमनला चटकन काढून घेता येईना. काढलं असतं तर दिसलं असतं. म्हणून त्यानं ते तसंच गोविंदाकडे वळवलं, जणू आणलंच त्याच्यासाठी होतं.

ते नाव देवमनचं होतं. त्यानं मागून घेतलेलं नव्हतं, सरकारनं टाइप करून दिलेलं होतं. एकाहत्तरच्या जनगणनेच्या चिठ्ठ्या मोजायला जी तात्पुरती कचेरी उघडली, तिच्या नेमणुकीच्या ऑर्डरीत त्याच्या नावापुढे पद म्हणून 'कॉम्प्युटर' असा शब्द होता. पोस्टमननं आसेगावात विहारासमोरच्या ओट्यावर ती ऑर्डर वाचून दाखवली, तेव्हा वस्तीतली दहा-पंधरा माणसं भोवती उभी होती. कुणीतरी विचारलं, "कॉम्पुटर म्हंजे कोन रे बापा? तहसीलदाराच्या वर का खाली?" पोस्टमनला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणारा माणूस नेहमी वरच सांगतो. "बराच वर," तो म्हणाला. माय तिथंच रडली. देवमन एकवीस वर्षांचा होता, बी.एस्सी.चा निकाल लागून महिना झाला नव्हता. त्या ओट्यावर उन्हात उभं असताना आपल्या अंगातून काहीतरी उंच वाढत चाललंय असं त्याला वाटलं होतं. तो वाढता उंचपणा पुढे किती इंच भरला ते त्याचं तोच जाणे. कचेरीत दोनशे कॉम्प्युटर होते. लांबलचक हॉलमध्ये भिंतीभर लाकडी खण, कबुतरांच्या खुराड्यासारखे. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी. वय पाहायचं, खणात टाकायची. शिक्षण पाहायचं, दुसऱ्या खणात टाकायची. मग गठ्ठे मोजायचे, आणि मोठ्या बेरजांसाठी हातानं दांडा फिरवायचं एक यंत्र होतं, ते खर्रखर्र करत आकडे पुढे ढकलायचं. चिठ्ठ्यांच्या कडांनी बोटांना बारीक चिरा पडत. सहा महिन्यांत देवमनला इतकी सफाई आली की चिठ्ठी हातात येण्याआधीच बोटांना तिचा खण कळायचा. त्या हॉलमध्ये तो पहिला होता. पहिला असायची त्याला सवय होती, आणि दुसरा कोण आहे ते वळून पाहायचीही सवय होती. त्या हॉलमध्ये मात्र वळून पाहिलं तर गोविंदा नव्हता.

"काय गड्या, उन्हात कायले उभा होता?" गोविंदानं आंब्यांची पिशवी त्याच्या हातात दिली. दिली म्हणजे अशी दिली, की घेणाऱ्याला विचार करायला वेळच मिळू नये. "लगनात दिले मामानं. खाय तू, मुंबईपर्यंत पिचकून जातीन." चार दिवस भावाच्या लग्नाला गावी राहून तो आज संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला आणि तिथून मुंबईला जाणार होता. मधले दोन-तीन तास देवमनकडे. हे मायनं ठरवलं होतं, आणि स्टँडवर घ्यायला जा हेही मायनंच सांगितलं होतं. शनिवार होता, पंचायत समितीला अर्धी सुट्टी. देवमनच्या काखेत रेक्झिनची बॅग होती आणि त्या बॅगेत पशुगणनेच्या तक्त्यांच्या मधोमध घडी घातलेला एक फॉर्म होता. तो तिथं बावीस दिवस होता. देवमनला आकडा नेमका ठाऊक होता, कारण आकडे नेमके ठाऊक असणं हेच त्याचं काम. जनगणनेची कचेरी चौऱ्याहत्तरात बंद झाली, हॉल रिकामा झाला, दोनशे कॉम्प्युटर दोनशे दिशांना गेले, आणि तो वाशीमला आकडेवारीचा कारकून म्हणून आला. आधी माणसं मोजत होता, आता म्हशी मोजतो. दुभत्या, भाकड, पारड्या. खण तेच.

फॉर्म गोविंदानं पाठवला होता. सोबत चार ओळींची चिठ्ठी. "देवमन, सोबत फॉर्म धाडला आहे. आमच्या विद्यापीठातला कॉम्प्युटरचा दोन वर्षांचा कोर्स. तुमच्या घरात ज्याचं डोकं गणितात चालते त्यानं भरावा. उगाच लाजू नये. पंधरा मे शेवटची तारीख." देवमननं ती चिठ्ठी पहिल्यांदा ऑफिसात उभ्यानं वाचली आणि 'लाजू नये'पाशी थांबला. लाजणार कोण? बेबी. त्याची धाकटी बहीण, इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, गणितात पहिली. दिवाळीत गोविंदा आला होता तेव्हा त्यानं तिला एक कोडं घातलं होतं, नऊ नाणी, एक हलकं, तराजूत दोनदाच तोलायचं. देवमन मनात अजून नाण्यांची मांडणी करत होता, तेवढ्यात चुलीपासून बेबीचं उत्तर आलं होतं. भाकरी उलटता उलटता. गोविंदा मांडीवर थाप मारून हसला होता. "अवं, हे पोरगी आमच्या मशीनले खाऊन टाकीन!" आणि जाताना त्यानं तिला एक कार्ड दिलं होतं, जाड, फिक्या पिवळसर रंगाचं, आयताकृती भोकं पाडलेलं. मशीन हेच वाचतं म्हणाला. बेबी ते पुस्तकात खूण म्हणून ठेवायची. एकदा ती घरात नसताना देवमननं ते कार्ड काढून खिडकीच्या उन्हात धरलं होतं. भोकांमधून उजेड पलीकडच्या भिंतीवर पडला, ठिपके ठिपके. त्यात काय लिहिलं होतं ते त्याला कळलं नाही. त्याला, ज्याला चिठ्ठी हातात यायच्या आधी खण कळायचा, त्याला. त्यानं कार्ड परत ठेवलं, पण चुकीच्या पानात ठेवलं. बेबीला कळलं असणार. दुसऱ्या दिवशी कार्ड परत आपल्या पानात होतं.

तर फॉर्म बेबीसाठी होता, हे देवमनच्या मनानं त्याच क्षणी मांडलं आणि खाली रेघ मारली. मुंबई. होस्टेल. एकटी पोरगी. तिच्या लग्नाचं पाहायचं वय. नकाराची कारणं त्याच्याकडे इतक्या भराभर जमली, की ती आधीपासूनच रांगेत उभी होती की काय अशी शंका यावी. सगळी कारणं खरी होती. खऱ्या कारणांची एक सोय असते. त्यांच्या आड बसलेलं खोटं माणसाला स्वतःला सुद्धा दिसत नाही. फॉर्म तक्त्यांच्या मध्ये गेला. बेबीला सांगितलं नाही, मायला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी बेबी ताट वाढायची तेव्हा तो तिच्या हातांकडे पाहायचा, आणि हे हात गोविंदा सांगायचा त्या मुंबईच्या थंड मशीनच्या खोलीत कार्डांचे गठ्ठे लावत असतील असं त्याला दिसायचं. मग भाजीत मीठ कमी आहे म्हणून तो तिच्यावर खेकसायचा.

स्टँडपासून घर पंधरा मिनिटांचं. मेच्या उन्हात डांबर पायाला चिकटत होतं. गोविंदा बोलत होता. त्याची बोलायची पद्धत जुनीच होती, बोलताना समोरच्याच्या दंडाला अधूनमधून चिमटा घ्यायचा, शाळेत घ्यायचा तसा. शाळेत दोघं एका बाकावर. देवमन पहिला, गोविंदा दुसरा. सातवीला नऊ मार्कांचा फरक, मॅट्रिकला चार, अकोल्याला इंटरला अकरा, बी.एस्सी.ला दोन. देवमनच्या डोक्यात हा तक्ता कायमचा होता, आणि प्रत्येक ओळीत तो वर होता. एकही ओळ अशी नव्हती की जिथं गोविंदा वर. पेपर लिहिताना देवमन डावा तळहात कागदावर आडवा ठेवायचा, भिंतीसारखा. गोविंदा मान लांबवून म्हणायचा, "अबे हात काढ नं, एकच गनित." देवमन हात काढायचा नाही. काढला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न त्याला आज पहिल्यांदा पडला. काढला नाही तरी गोविंदा मुंबईला गेलाच. दोन मार्कांनी मागे असलेला माणूस रस्त्यानं पुढे चालत होता, आणि पुढे असलेला त्याचे आंबे वाहत होता.

"आमच्या बॅचले चौदा जागा होत्या," गोविंदा सांगत होता. "पाच अमेरिकेत गेले. तिघं बड्या कंपन्यात. दोघं तिथंच शिकवते. एकजन बापाच्या कापडदुकानात बसते, कार्डाइवजी थानं मोजते. आन् एकानं काय केलं, सांगू? सगळं सोडून सतार शिकून राह्यला!"

"बारा झाले," देवमन म्हणाला.

"आं?"

"चौदातले बारा झाले. दोन उरले."

गोविंदा हसला. "तुह्यापुढं बोलाचीच सोय नाई. एक मी. दिवसभर थंड खोलीत स्वेटर घालून बसतो. मे महिन्यात स्वेटर! कार्डं देतो, कागद घेतो. चुकलं का परत कार्डं देतो. आन् चौदावा..." तो थांबला. त्यानं चिमटा घेतला नाही. "चौदाव्याची जागा खालीच राह्यली होती. फॉर्म आलते दोन, भरला एकानं. इसरला का?"

देवमन विसरला नव्हता. तो विसरणारा प्राणीच नव्हता. अकोल्याचं कॉलेज, एकाहत्तरचा जून, गणिताच्या सरांची खोली, टेबलावर पेपरवेटखाली दोन फॉर्म. सर म्हणाले होते, नवीन विषय आहे, कॉम्प्युटर, भविष्य आहे. आणि देवमनच्या खिशात त्याच आठवड्यात आलेली ऑर्डर होती. त्यानं ती काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सर, मी ऑलरेडी कॉम्प्युटर आहे." खोलीतली चार-पाच पोरं हसली, कौतुकानं हसली. बाहेर आल्यावर तो गोविंदाला म्हणाला होता, "जे मी झालोच, ते शिकाले दोन वर्सं कायले घालू? तू भर. तुले लागते." तुले लागते. तेव्हा ते वाक्य त्याला किती गोड लागलं होतं! नंतरची सगळी वर्षं तो लोकांना सांगत आला, की बाप गेलेला, घर माझ्यावर, म्हणून शिकता आलं नाही. बाप गेला होता हे खरं. घर त्याच्यावर होतं हेही खरं. पण त्या खोलीत, त्या मिनिटाला, त्याच्या डोक्यात ना बाप होता ना घर. फक्त ऑर्डरीवरचा शब्द होता आणि पोरांचं हसू. पुढे कधीतरी त्यानं जुनी ऑर्डर आणि गोविंदाच्या पत्रावरचा छापील मथळा शेजारी ठेवून पाहिले. इंग्रजी शब्द एकच, पण त्याच्या ऑर्डरीत शेवटच्या 'आर'च्या आधी 'ओ' होता, आणि गोविंदाच्या मथळ्यात 'ई'. ओवाला म्हणजे मोजणारा माणूस. ईवाला म्हणजे मशीन. एवढंसं गोल अक्षर, आणि त्या गोलातून तो नेमका आरपार खाली पडला होता.

घरी माय दारातच उभी होती. तिनं गोविंदाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. "जयभीम माय," गोविंदा वाकून म्हणाला. "वाळलास रे बाप्पा," ती म्हणाली, जरी तो चांगला भरला होता. वाळलास हे ती देवमनला कधी म्हणत नसे. तो रोजचा होता, रोजचा माणूस वाळला तरी दिसत नाही. बेबी माठातलं पाणी घेऊन आली, "या गोविंदाभाऊ" म्हणाली, आणि तिच्या आणि गोविंदाच्या नजरेत काहीतरी झटकन इकडून तिकडे गेलं. देवमननं ते पाहिलं. वस्तू काय होती ते कळलं नाही, पण देवाणघेवाण झाली एवढं कळलं. बॅग त्यानं खुंटीला अडकवली नाही, मांडीवर घेऊन बसला. आता विचारेल. चहा आला की विचारेल. देवमननं उत्तर तयार करून ठेवलं होतं: पोस्टात हरवला असेल, अलीकडे फार हरवतात. उत्तर चांगलं होतं. पण मांडीवरच्या बॅगेत तो कागद त्याला तापलेल्या तव्यासारखा जाणवत होता, आणि कागदाचं जे झालं होतं ते आठवून तो बॅगेचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरत होता.

कारण फॉर्म नुसता पडून राहिला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले असताना त्यानं तो उघडला होता. सहज. बेबीला काय काय लिहावं लागलं असतं ते पाहायला. नाव, जन्मतारीख, गुण. मग एक रकाना, कॉम्प्युटरचा पूर्वानुभव असल्यास. त्यानं पेन्सिलीनं हलकेच लिहिलं, तीन वर्षे. आणि एकटाच हसला. मग वयाची अट वाचली, तीस. त्याचं अठ्ठावीस चालू होतं. नोकरीतल्यांनाही अर्जाची मुभा होती. हे वाचल्यावर त्यानं हसणं थांबवलं. शेवटच्या पानावर एक चौकोन, आणि त्याच्यावर इंग्रजीत प्रश्न, ज्याचा अर्थ असा, की हा अभ्यासक्रम पुरा केल्यावर पुढे काय करण्याचा तुमचा मानस आहे, शंभर शब्दांत लिहा. मानस. त्याला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. वय विचारलं होतं, जात विचारली होती, गुण विचारले होते. त्यानं पेन्सिलीनं लिहिलं, देशाची सेवा. खोडलं. चांगल्या पदावर जाणे. खोडलं. दुसऱ्या दिवशी, कुटुंबाचा उत्कर्ष. खोडलं. रोज दुपारी एक वाक्य, रोज रबर. एका दुपारी पेन्सिलीनं आपणहून लिहिलं, गोविंदाच्या पुढे. ते वाक्य पाहून तो इतका दचकला, की त्यानं चौकोन घासघास घासला, आणि रबराखाली कागद मऊ झाला, त्याचे तंतू उभे राहिले, आणि मग तर्जनीच्या टोकाएवढं एक भोक पडलं. भोकातून खालचा पशुगणनेचा तक्ता दिसत होता. भाकड म्हशी, एकशे चाळीस.

चहा आला. गोविंदानं बशीत ओतला, फुंकला, आणि बशीवरून नजर न काढता म्हणाला, "मंग? फॉर्मचं काय झालं?"

देवमननं तोंड उघडलं. पोस्टात हरवला असेल हे वाक्य जिभेवर होतंच. पण बेबी मध्येच बोलली. "माही तर पोच आली, गोविंदाभाऊ. परवाच. नंबर बी देला."

देवमनच्या हातातला कप तसाच राहिला. "कायची पोच?"

बेबीनं मायकडे पाहिलं, मायनं जमिनीकडे. मग बेबीच म्हणाली, सरळ, भाकरी उलटावी तशी. "फॉर्मची. गोविंदाभाऊनं माह्या कॉलेजच्या पत्त्यावर धाडला होता. मी भरून टाकला."

"मले न इचारता?"

"तुले इचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं, भाऊ."

"आन् पालकाची सही?"

"म्या अंगठा देल्ला," माय म्हणाली. एवढ्या हळू, पण एवढ्या पक्क्या आवाजात, की देवमनला तिचा अंगठा दिसला, शाईनं निळा झालेला, कागदावर दाबलेला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो बावीस दिवस जे तक्त्यांत दाबून बसला होता, ते घरातून केव्हाच निघून पोचलंही होतं, नंबर घेऊन परतही आलं होतं. मीठ कमी म्हणून तो खेकसत होता तेव्हा ती गप्प वाढत होती, कारण तिचं काम झालेलं होतं.

"मंग," देवमननं विचारलं, आणि आपला आवाज लहान मुलासारखा येतोय हे त्याला ऐकू आलं, "माह्या पत्त्यावर जो आला, तो कोनासाठी?"

गोविंदानं बशी खाली ठेवली. त्यानं देवमनकडून बेबीकडे पाहिलं, आणि मग त्याला कळलं. कळल्यावर तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "अबे येड्या," तो म्हणाला, "तुह्या नावानं धाडला, तुह्या हापिसात धाडला. लाजू नको म्हनून बी लिवलं. एकाहत्तरात लाज नोयती, होता गर्व. आता लाज हाये. म्हटलं आपनच सांगावं. आनखी कसं सांगू, दवंडी पिटू?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. देवमनला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. आलं ते निराळंच. त्याचं लक्ष बेबीकडे गेलं. हिनं तो चौकोन भरला. शंभर शब्द. हिला किती दिवस लागले असतील? एक? की भाकरी भाजता भाजता? गोविंदासोबतच्या मार्कांचा जो तक्ता इतकी वर्षं त्याच्या डोक्यात होता, त्याच्या खाली एक नवी ओळ आली, बेबीची, आणि पहिल्यांदाच एका ओळीत तो खाली होता. चिडावं अशी वेळ नव्हती. तरी तो चिडला. आणि त्या चिडीतच त्यानं बॅग उघडली, पशुगणना बाजूला केली, आणि फॉर्म काढून सगळ्यांच्या मध्ये चटईवर ठेवला.

गोविंदानं तो उचलला, पानं उलटली, आणि शेवटच्या पानावर आला. भोकातून त्याचं बोट पलीकडे निघालं. "हे काय? उंदरानं खाल्लं?"

"खोडता खोडता," देवमन म्हणाला.

गोविंदा आता हसला. हसू त्याला आवरेना. "मशीनले भोकंच कळते गड्या! तू तं भरूनच ठेवला म्हन ना!" बेबीनं पदर तोंडाला लावला. मायला काही कळलं नव्हतं, तरी तीही हसली, कारण घरात हसण्यासारखं झालं होतं. मग बेबी उठली, सकाळच्या भातातलं एक शीत बोटावर घेऊन आली, वहीच्या कोऱ्या कागदाचा चौकोन कापला आणि फॉर्मच्या मागून भोकावर चिकटवला. अंगठ्यानं दाबून धरला, वाळेपर्यंत. तिचा अंगठाही मायसारखाच रुंद होता. "लिव आता," ती म्हणाली. "सोमवारी तारीख हाये. गोविंदाभाऊ हातानं नेऊन देतीन."

गोविंदानं आपलं पेन दिलं. देवमननं तक्त्यांचा गठ्ठा पाटीसारखा मांडीवर घेतला. नाव, जन्मतारीख. पूर्वानुभवाच्या रकान्यात पेन्सिलीच्या पुसट खुणेवर त्यानं शाईनं लिहिलं, कॉम्प्युटर, तीन वर्षे. गोविंदा वाकून पाहत होता. "इथं ओ नाई, ई पाह्यजे," तो म्हणाला. "स्पेलिंग चुकलं."

"नाई चुकलं," देवमन म्हणाला. "मी ओवालाच होतो."

गोविंदानं ते अक्षर पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे. विचारतीन तं सांगता येईन."

मग शेवटचं पान. चौकोन. ठिगळाची कड थोडी ओली होती, भाताचा वास येत होता. देवमननं पेन टेकवलं आणि थांबला. "तू काय लिवलं होतं रे? एकाहत्तरात?"

"कोनाले आठोते! देशाच्या विकासाचं काईतरी. सगळ्याइनंच तेच लिवलं होतं. अमेरिकेत गेले ते पाचही."

"आन् तू, बेबी?"

बेबी चुलीपाशी राख सारत होती. तिनं मागे न पाहता सांगितलं, "तुयं तू लिव, भाऊ." शब्द साधेच, पण एका बाकावरून दुसऱ्या बाकावर यावेत तसे आले. देवमनला वाटलं, हेच आपण शाळेत म्हणायचो, फक्त बोलायचो नाही, तळहात ठेवायचो. त्यानं पुन्हा पेन टेकवलं. देशाची सेवा आलं नाही, उत्कर्ष आला नाही. आलं ते छोटं होतं, त्याला स्वतःला सुद्धा मोठ्यानं वाचवलं नसतं. पण खरं होतं आणि शंभर शब्दांत बसत होतं. एकदा चालला की त्याचा हात थांबत नसे. तो लिहीत गेला. माय आंबे टोपलीत मांडत होती, बेबीची पाठ होती, आणि गोविंदा घड्याळ पाहून बॅगेचा पट्टा आवळत होता. कुणीही कागदाकडे पाहत नव्हतं.

"अबे," गोविंदा एकदम म्हणाला, "हात काढ. शाई वली हाये."

देवमननं खाली पाहिलं. त्याचा डावा तळहात चौकोनावर आडवा होता, कडेला कड लावून, भिंतीसारखा. तो तिथं केव्हा आला ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तो हळूच उचलला. कागदावरचं पहिलं वाक्य जरा फराटलं होतं, पण वाचता येत होतं. आणि तळहातावर तेच वाक्य निळ्या शाईत उमटलं होतं, उलटं, उजवीकडून डावीकडे, अशा अक्षरांत की समोरून कुणालाच वाचता येऊ नये. त्यानं मूठ मिटली.

"वाळू दे थोडं," तो गोविंदाला म्हणाला. "गाडीले टाइम हाये अजून."